मुंबईची वाट आणि शेवटचे पाच मैल

रायगड आमच्याच महाड तालुक्यात. शिवरायांची राजधानी आमच्या उशाला आहे. पण महाड-पोलादपूरच्या माणसाची रोजच्या कामाची राजधानी मुंबई. दवाखाना, मुलाखत, मंत्रालयातला कागद किंवा मुंबईत राहणाऱ्या मुलाची खोली, यांपैकी कशासाठी तरी त्याला तिथे जावे लागते, आणि खिशात पैसे मोजकेच असतात. अशा माणसाने जावे कसे आणि परतावे कसे, यावर आज थोडे बोलणार आहे.

पहिला आधार अर्थातच एसटीचा. महाडहून मुंबई साधारण पावणेदोनशे किलोमीटर. पोलादपूर त्याच्याही पुढे वीसेक किलोमीटर. रत्नागिरी, चिपळूण, खेडकडून येणाऱ्या गाड्या पोलादपूरला मिळतात, पण सणासुदीला त्या भरूनच येतात. अशा वेळी महाडपर्यंत येऊन तिथून सुटणारी गाडी धरली तर बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. साधी लाल गाडी सर्वांत स्वस्त. 'हिरकणी' या निमआराम गाडीला थोडे जास्त पैसे पडतात. नाव मात्र आमच्याच रायगडाच्या हिरकणीचे!

सवलतींचा हिशेब घरातल्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावा. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही अर्धे तिकीट लागू झाले. वयाची सवलत हवी असेल तर ओळखपत्र जवळ हवे. ते घरी राहिले तर सवलतही घरीच राहिली म्हणून समजा.

आणखी एक युक्ती. मुंबईत थेट जाणाऱ्या गाडीसाठी ताटकळण्यापेक्षा पनवेलला उतरावे. तिथून रेल्वे स्थानक चालत जाण्याजोगे आहे आणि लोकल थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला नेते. शहरातल्या गर्दीत बस अडकून जो वेळ जातो, तो वाचतो.

खासगी बस गणपतीत आणि मे महिन्यात हात धरू देत नाहीत. एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडे त्यांनी घेऊ नये, असा शासनाचा निर्णय २०१८ चा आहे. पैसे मोजण्यापूर्वी तो आठवावा.

आता रेल्वे. तिकिटाच्या पैशांत तिच्याइतके स्वस्त काही नाही. कोकण रेल्वे रोह्याहून वीरपर्यंत १९९३ मध्ये आली आणि पूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला. वीर, सापे वामने, करंजाडी, विन्हेरे ही स्थानके महाड तालुक्यात आहेत; पोलादपूर तालुक्यात एकही नाही. महाडला जवळचे म्हणजे वीर, दहाएक किलोमीटरवर. वेगवान गाड्यांतल्या बऱ्याचशा तिथे थांबत नाहीत. काही माणगावला थांबतात, काही खेडला. आपल्या उपयोगाची दिवा-रत्नागिरी पॅसेंजर. ही पूर्वी दादरहून सुटत असे; कोरोनानंतर दिव्याहून सुटू लागली. म्हणजे दादरहून आधी लोकलने दिव्याला जायचे, सामान घेऊन जिना चढायचा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रकही वेगळे असते, ते पाहूनच निघावे.

या स्वस्ताईने मला एकदा चांगलाच धडा दिला. आईच्या डोळ्याचे ऑपरेशन करून आम्ही मुंबईहून परतत होतो. पैसे वाचवायचे म्हणून मी पॅसेंजरचे तिकीट काढले. डिसेंबरचे दिवस. वीरला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. आईचा हात धरून सावकाश बाहेर येईपर्यंत सहाआसनी रिक्षा भरून निघून गेल्या होत्या. मग एक रिक्षा स्पेशल केली. तिचे भाडे आमच्या दोघांच्या तिकिटांपेक्षा जास्त झाले. महाडला पोचलो तर पोलादपूरकडे जायला गाडी उरली नव्हती. रात्र नातेवाइकांकडे काढली. आई एवढेच म्हणाली, "तिकिटात वाचवलंस खरं, पण आपण अजून घरी कुठं पोचलोय?"

चूक माझी होती. मी तिकीट मोजले, वाट मोजली नाही.

ही वाट मोजण्याचे एक मोठे उदाहरण याच परिसरात घडले आहे. २४ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी प्रतिनिधींसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले. धरमतरवरून जाणारा मार्ग जवळचा होता, तरी त्यांनी दासगावचा धरला. कारण साधे होते. महाडच्या मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला, तर धरमतरहून कितीतरी जास्त चालावे लागले असते. दासगावहून महाड फक्त पाच मैल. ज्यांना वाहन नाकारले जाऊ शकते, त्यांनी असा मार्ग निवडला की शेवटचे अंतर स्वतःच्या पायांनी पार करता यावे.

आज बहिष्काराची ती भीती घेऊन कोणी एसटीत चढत नाही. तरीही तो हिशेब गरीब प्रवाशाला अजून उपयोगाचा आहे. निघण्यापूर्वी तिकीट किती, हे विचाराच. त्याबरोबर हेही विचारा की उतरल्यावर पुढे काय मिळेल, किती वाजेपर्यंत मिळेल आणि नाहीच मिळाले तर चालता येईल का? सोबत आजारी माणूस किंवा लहान मूल असेल, तर रेल्वे दिवसाउजेडी वीरला पोचत असेल तरच धरावी; नाहीतर थेट पोलादपूरची एसटी बरी. पावसात तर रात्रीचा प्रवास शक्यतो टाळावाच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल कोसळून एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या, हे आम्ही विसरलेलो नाही. नवा पूल पुढच्याच वर्षी झाला, पण नदी तीच आहे.

आता आईला मुंबईला नेताना मी पहाटेची एसटी धरतो. परत येतानाही सकाळीच निघतो. तिकिटाला थोडे जास्त जातात. पण दिवे लागायच्या आत आई आमच्या उंबऱ्यात असते.