'बर्न' म्हणजे जळणे? थांबा!

मुलांनो, आमच्या चौथीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू होता. मी फळ्यावर एक सोपे वाक्य लिहिले, 'द मिल्क इज बर्न्ट.' म्हटले, "सांगा बरं मराठीत!"

पहिल्या बाकावरून लगेच उत्तर आले, "दूध जळाले!"

मागे कुणीतरी फिसकन हसले. "बाई, दूध कुठं जळतं? दूध लागतं! आमची आई तसंच म्हणते."

झाले! वर्गात शब्दांची नुसती आतषबाजी सुरू झाली. मी विचारत गेले, मुले ओरडत गेली.

"पोळी?" "करपते!"

"गरम चहानं जीभ?" "पोळते!"

"तव्याला बोट लागलं तर?" "चटका बसतो!"

"वणव्यात झाडं?" "होरपळतात!"

"लाकूड?" "जळतं!"

"आणि मिरचीचा हात डोळ्याला लागला तर?" "आग आग होते!"

फळा भरून गेला. गंमत अशी, की यातल्या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत 'बर्न' हा एकच शब्द चालतो. म्हणून इंग्रजी गरीब आहे असे मात्र समजू नका हं. गरम पाण्याने किंवा वाफेने पोळले तर त्यांच्याकडे 'स्काल्ड' असा खास शब्द आहे. शेंगदाणे खमंग भाजले तर ते 'रोस्ट', आणि लक्ष नसल्यामुळे काळे पडले तर मात्र 'बर्न'! पण रोजच्या बोलण्यात 'बर्न' सगळीकडे धावून येतो.

आता एक जुनी गोष्ट सांगते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत यासाठी दोन वेगळी क्रियापदे होती. एक आपोआप जळण्याचे आणि दुसरे मुद्दाम जाळण्याचे. बोलता बोलता दोन्ही एकमेकांत मिसळली आणि आजचा 'बर्न' तयार झाला. आपल्याकडे हा फरक अजून शाबूत आहे. 'वात जळते' आणि 'आपण कचरा जाळतो'. तसेच गळणे-गाळणे, पडणे-पाडणे. पाहा, एका कान्यात केवढी ताकद आहे!

हा 'बर्न' हिंडतो तरी किती! 'सनबर्न' म्हणजे काय, असे विचारल्यावर एकजण म्हणाला, "ऊन लागणं." चूक! ऊन लागते तेव्हा सगळे शरीर तापते, चक्कर येते. सनबर्नमध्ये उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कातडी लाल होते नि हुळहुळते. 'हार्टबर्न'चा अर्थ तर एकीने 'हृदय जळाले' असा लिहिला होता. खरे तर त्यात हृदयाचा काहीच संबंध नाही. जठरातले आम्ल वर अन्ननलिकेत येते आणि छातीत जळजळते, एवढेच.

धावताना 'कॅलरीज बर्न' होतात असे मोठी माणसे म्हणतात. तिथे ज्वाळा नसतात, पण अन्नाचा प्राणवायूशी संयोग होऊन शरीराला ऊर्जा मिळते. चुलीतल्या लाकडाचेही तसेच होते, फक्त फार वेगाने. पूर्वी सीडीवर गाणी भरायची त्यालाही 'सीडी बर्न करणे' म्हणत, कारण लेसरच्या उष्णतेने तबकडीवरच्या थरात खुणा उमटत. अवकाशयानाचे इंजिन ठरावीक वेळ पेटवतात तोही 'बर्न'च. २०२३ मध्ये चांद्रयान-३ ला चंद्राच्या वाटेवर धाडले ते असाच एक 'बर्न' करून.

आणि 'बर्न द मिडनाइट ऑइल' म्हणजे? 'मध्यरात्रीचे तेल जाळणे' असे लिहिलेत तर हसे होईल. आपण म्हणतो, 'रात्रीचा दिवस करणे'. म्हणून शब्द दिसला की लगेच अर्थ चिकटवायचा नाही. आधी विचारायचे, काय जळले? कशाने? किती?

हे तीन प्रश्न फक्त भाषेच्या तासापुरते नाहीत बरे का! माझ्या डाव्या मनगटावर एक डाग आहे. मुलांनी त्याबद्दल विचारले तेव्हा मी सांगितले ते तुम्हालाही सांगते. मी तिसरीत असताना भाताची उकळती पेज हातावर सांडली. घरात धावपळ झाली. कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद. सगळ्यांनी मायेनेच केले. पण दवाखान्यात तो वाळलेला लेप काढताना मी जी किंचाळले, तेवढी पेज सांडली तेव्हाही किंचाळले नव्हते. हातावर साधे पाणी मात्र कुणीच ओतले नाही.

दवाखान्यात डॉक्टर 'फर्स्ट डिग्री', 'सेकंड डिग्री', 'थर्ड डिग्री' बर्न असे म्हणतात. वर्गात पहिला नंबर सर्वांत वरचा, पण इथे उलट आहे. 'फर्स्ट' सर्वांत सौम्य. त्यात कातडीचा फक्त वरचा थर लाल होतो. 'सेकंड'मध्ये फोड येतात. 'थर्ड'मध्ये कातडी पूर्ण जाडीपर्यंत भाजते आणि तिथल्या वेदना कळवणाऱ्या नसाही मरतात. म्हणून तिथे कमी दुखू शकते! 'दुखत नाही, म्हणजे थोडंच भाजलंय' असे कधीही समजू नका.

मग भाजल्यावर करायचे काय? हे वहीत लिहूनच ठेवा.

१. कपड्यांना आग लागली तर पळू नका. थांबा, जमिनीवर आडवे व्हा, लोळा. विजेने भाजले असेल तर त्या माणसाला हात लावू नका. मोठ्यांना हाक मारून आधी मेन स्विच बंद करायला सांगा.

२. भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरा. बर्फ लावू नका. अंगठी, बांगडी सूज यायच्या आत काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका.

३. टूथपेस्ट, हळद, तेल, तूप, शाई काही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने हलकेच झाका.

४. मोठ्यांना लगेच सांगा. फोड आले, चेहरा भाजला किंवा जागा तळहातापेक्षा मोठी असली तर थेट दवाखाना. रुग्णवाहिकेसाठी १०८.

आई-बाबांनो, तुम्हालाही एक विनंती. चहाचे भांडे ओट्याच्या कडेला नको, आणि बादलीत गरम पाणी आधी ओतून गार पाणी आणायला जाणे नको. आधी गार, मग गरम.

शेवटी एक गंमत. कोळ्याची गोष्ट ज्याच्या नावाने सांगतात तो स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस तुम्हाला आठवतो ना? त्याने १३१४ मध्ये बॅनकबर्न इथे इंग्रजांचा पराभव केला. या गावाच्या नावातल्या 'बर्न'चा अर्थ काय असेल? जळणे? मुळीच नाही! स्कॉटलंडमध्ये 'बर्न' म्हणजे चक्क ओढा, वाहते पाणी! हा शब्द मुळात वेगळा, फक्त उच्चार आणि स्पेलिंग तेच.

आमच्या वर्गातल्या एका चिमुरडीने हे ऐकले आणि ती पटकन म्हणाली, "म्हणजे बाई, बर्नवर औषध बर्नच!"

तिला मी त्या दिवशी खडूची अख्खी पेटी दिली.

आता तुमच्यासाठी काम. घरी आजी-आजोबांना विचारा, आणि जळण्या-भाजण्याचे आणखी किती मराठी शब्द सापडतात ते लिहा. प्रत्येकाचे एक वाक्य करा. आणि हो, आजीला २० मिनिटांचे पाणीही सांगा!