मान हलली म्हणजे कळलं, असं नाही

परतवाडा मागे टाकून एसटी घाट चढू लागली की अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटाबद्दलची ठरलेली वाक्यं हमखास कानावर पडतात. इथला कोरकू आदिवासी बुजरा, दवाखान्याला भितो, भूमकाच्या म्हणजे गावातल्या वैदूच्या नादी लागतो, म्हणून लेकरं दगावतात. यातलं थोडं खरं आहे, बरंचसं अर्धवट.

भाषेपासूनच घोटाळा सुरू होतो. कोरकू म्हणजे मोडकीतोडकी हिंदी, अशी अमरावती-अकोल्याकडे अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात ती मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा आहे. तिच्या बहिणी पार झारखंडाकडच्या, संथाली आणि मुंडारी. 2011 च्या जनगणनेत तिचे सव्वासात लाखांवर भाषक नोंदले गेले, बहुतेक मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातले. मेळघाटातल्या धारणीच्या बाजारात कोरकू बाई हिंदीत भाव करते हे खरं. पण पोटात नेमकं कुठं, कसं आणि केव्हापासून दुखतंय हे सांगायला बाजारापुरती हिंदी पुरत नाही.

आता ओपीडीतला नेहमीचा प्रसंग बघा. कडेवर तापलेलं मूल, मागे लांबलचक रांग. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, अर्धी गोळी सकाळी, अर्धी संध्याकाळी, दूध बंद करू नको, तीन दिवसांनी ये, असं एका दमात सांगतात आणि विचारतात, ‘‘समजलं ना?’’ बाई मान हलवते. डॉक्टरांच्या लेखी विषय संपला. त्या होकाराचा अर्थ एवढाच असू शकतो की साहेबांशी वाद नको, आता जाऊ द्या. पुढे गोळ्या तशाच पडून राहिल्या की शिक्का बसतो, ‘हे लोक ऐकतच नाहीत.’

हे काही मेळघाटापुरतं नाही. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या बोलण्याचा अभ्यास करणाऱ्या डायना ईड्स या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी नेमकं हेच टिपलं: पोलीस किंवा वकील विचारत असेल, तर प्रश्न कळो न कळो, ‘हो’ म्हणून मोकळं व्हायचं. तिथे उत्तरापूर्वीची शांतताही बोलण्याचाच भाग असते. आपण मात्र शांततेला अडाणीपणा म्हणतो.

भूमकाचं काय? तान्ह्या पोराच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देणं, म्हणजे ‘डंबा’, घातकच आहे. त्याची बाजू घेण्याचं कारण नाही. पण भूमका गावातच राहतो, मध्यरात्री दार उघडतो, कोरकूत बोलतो आणि उशीर केला म्हणून खेकसत नाही. धारणीहून अमरावतीचं डफरीन रुग्णालय घाटरस्त्याने दीडशे किलोमीटरच्या घरात. पावसाळ्यात काही गावांचा रस्ताच तुटतो. आरोग्य खात्यानेही पुढे भूमकांच्या बैठका घेऊन पेशंट दवाखान्यात पाठवायला सांगितलं, ते उगाच नाही.

दवाखाना बांधला की प्रश्न मिटला, हा शहाण्यांचा गैरसमज. मेळघाटातल्या बैरागडला जाऊन बसलेल्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. मुलं न्यूमोनियाने का जातात याचा माग काढताना त्यांना अंगावर पुरेसे कपडे नाहीत, पोटात अन्न नाही आणि शेतीचा हंगाम संपला की हाताला काम नाही, अशी साखळी दिसली. मग डॉक्टर शेतीकडे आणि रेशनच्या दुकानाकडे वळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने 2008 च्या अहवालात ज्यांना आरोग्याचे ‘सामाजिक निर्धारक’ म्हटलं, ते हेच. इथे त्याचं रूप म्हणजे दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडणारी कुटुंबं. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण, तेव्हा ती परततात; मधल्या काळात गावच्या अंगणवाडीतला आहार त्यांच्या मुलांपर्यंत पोचत नाही.

गावं डोंगरातून खाली सपाटीला आणून वसवली तरी सगळं सुटतं असं नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून अकोल्याच्या अकोट, तेल्हारा भागात हलवलेल्या गावांतले लोक सोयी मिळाल्या नाहीत आणि माणसं दगावली अशी तक्रार करत परत जंगलात गेले. जानेवारी 2019 मध्ये तिथे पोलिसांशी त्यांची चकमकही झाली.

मेळघाटात नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांना एकच सांगणं: ‘समजलं ना?’ विचारू नका, ‘घरी गेल्यावर गोळी कशी देणार, दाखवा’ म्हणा. आणि पहिल्याच आठवड्यात गावच्या आशाताईकडून पन्नासेक कोरकू शब्द शिकून घ्या. पाण्याला ‘डा’ म्हणतात, तिथून सुरुवात करता येईल.