राइट टाउनहून भेडाघाटला जाताना खिशात कोणता कॅमेरा?

आमच्या जबलपूरच्या राइट टाउनात पाहुणे आले की नर्मदेकाठचा भेडाघाट ठरलेलाच, आणि निघताना प्रश्नही ठरलेला: छोटा कॅमेरा कोणता घ्यावा?

मेगापिक्सेल विसरा, सेन्सर बघा. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर सुमारे 6.2 × 4.6 मिमी, 'एक इंची'चा 13.2 × 8.8. म्हणजे क्षेत्रफळ चौपट! (एक इंच त्यात कुठेच नाही, ते नाव जुन्या व्हिडिओ ट्यूबवरून आलंय.) पौर्णिमेच्या रात्री संगमरवरी कड्यांमधून होडी जाते, तेव्हा कमी प्रकाशात हा फरक कळतो. तिथे ट्रायपॉड निरुपयोगी, होडीच हलते.

'एक इंची'तल्या सोनी आरएक्स100-7 ची झूम 24-200 मिमी, समोरच्या काठावरचा बगळाही जवळ येतो. पण धुवांधार धबधब्याचं पाणी दुधासारखं हवं असेल तर भर दुपारी शटर मंद करावं लागतं आणि त्यासाठी प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लागतो. तो या सोनीत नाही, कॅननच्या जी7एक्स मार्क 3 मध्ये आहे, झूम मात्र 100 मिमीवरच थांबते. माझा कौल कॅननला. नर्मदामाईसमोर बगळा राहू दे!

तुषारांपासून मात्र दोन्ही जपा, वॉटरप्रूफ नाहीत. मऊ कापड आणि जादा बॅटरी हवीच. पांढऱ्या दगडाला कॅमेरा फसतो, फोटो करडा येतो. एक्स्पोजर +0.7 करून बघा.