दप्तराविना एक दिवस, कारंजाच्या काठावर

मंडळी, शाळेचं पर्यावरण शिबिर म्हटलं की काय होतं ते आपण बघितलंय. अकराला गाडी येते, फलक धरून फोटो होतात, भाषण, नाश्ता, तीनला परत. पाण्याला कुणी हातसुद्धा लावत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या काळात 10 दिवस दप्तराविना, गावातल्या कारागिरांकडे शिकायला जावं असं म्हटलंय. सुतार, माळी, कुंभार ही नावं त्यात आहेत. मासेमार नाही. (आपलं नाव असंही कुठं असतं म्हणा.) कर्नाटकात कुठलं धोरण चालवायचं हा वाद चालू राहू दे, भालकी, औराद, आळंदच्या शाळांना एक दिवस काठावर आणायला कोण अडवतंय?

दिवस पहाटेच सुरू व्हायला हवा. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री मात्र तेही श्वास घेतं. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी. मासे वर येऊन तोंड मारताना दिसतात ते त्यामुळं. आपल्या घरातल्या पोराला हे दृश्य पाठ असतं, फक्त वर्गात ते कुणी विचारत नाही.

मग पांढरी ताटली घ्या, खाली वजन बांधा आणि दोरीनं सोडा. दिसेनाशी झाली की दोरी मोजा. 1865 मध्ये इटलीच्या सेक्कीनं समुद्रात असंच माप घेतलं होतं. पावसानंतर मातीनं पाणी गढूळ, ताटली लवकर गायब. उन्हाळ्यात पाणी हिरवं दिसलं तर ते शेवाळ, माशांचं खाणं. पण ते फार झालं की पहाटेचं संकट तेच.

रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून पावसाच्या तोंडाला ते नदी तलावाला मिळते तिकडं चढतात. तलावात दरवर्षी बीज का सोडावं लागतं आणि त्या तोंडाशी बारीक आसाचं जाळं का लावू नये, हे पोरांना तिथंच उभं करून सांगा. काही मोठ्यांनीही ऐकलं तर बरं.

कारंजाचं पाणी बिदर शहर पितं. कारंजा मांजरेला मिळते आणि एप्रिल 2016 मध्ये याच मांजरा खोऱ्यातल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आजची शाळकरी पोरं तेव्हा फार लहान होती. जाळं कोरडं पडलं की घरात काय होतं, हे त्यांना आपल्याशिवाय कोण सांगणार?

नाववाल्यांना एकच विनंती: जॅकेट नसेल तर एकही पोर नावेत घेऊ नका, मास्तर म्हणाले तरी. सगळं काठावरून दाखवता येतं. ज्यांच्या गावच्या तलावाला उथळ, कमी चिखलाचा काठ आणि जवळ सावली आहे, त्यांनी सोसायटीत नाव सांगा. शाळेशी बोलायला आम्ही येऊ.