संगणकाच्या तासाला शिकवायचे राहून गेलेले

जुलै २०१३ मध्ये मध्य प्रदेशातील पन्ना व्याघ्र प्रकल्पाबाबत एक विचित्र प्रकार उघडकीस आला. तिथल्या एका वाघाच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारा पट्टा होता, आणि त्या नोंदी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील एका शास्त्रज्ञाच्या ईमेलवर येत असत. तो ईमेल उघडण्याचा प्रयत्न कुणीतरी पुण्यातून केला. यंत्रणेने तो रोखला, त्यामुळे नोंदी सुरक्षित राहिल्या. पण जंगलात पाऊलही न टाकता, शेकडो किलोमीटर दूर बसून वाघापर्यंत पोहोचता येते, हे त्या दिवशी लख्खपणे कळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला, आणि मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून आणलेल्या दोन वाघिणी त्यात सोडण्यात आल्या. नवेगाव बांध हे गाव या जंगलाच्या कडेला वसलेले आहे. इथल्या नववीतल्या मुलाने मोबाईलवर वाघिणीचा फोटो काढला आणि फोनमध्ये ठिकाण नोंदवण्याची सोय चालू असली, तर पन्नातल्या पट्ट्याने दिली असती तीच माहिती त्या फोटोतही असू शकते. फोटो कसा काढायचा आणि पुढे कसा पाठवायचा, हे त्या मुलाला कुणी न शिकवताच येते. तो कुणाला पाठवायचा, ठिकाण काढून टाकायचे का, की पाठवायचाच नाही, हे मात्र शिकवावे लागते. आपल्या शाळांतून राहून जाते ते नेमके हेच.

शाळेत संगणक शिकवला जात नाही, असे नाही. संगणकाचे भाग, टायपिंग, चित्र रंगवणे, तक्ता तयार करणे, हे सगळे होते. अलीकडे त्यात ‘सायबर सुरक्षा’ नावाचा एक धडाही आला आहे. त्यात पासवर्ड कुणाला सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये, ओटीपी देऊ नये अशी यादी असते. यादीतले प्रत्येक वाक्य खरे आहे. पण ती सगळी वाक्ये ‘मला कुणी फसवू नये’ या एका काळजीतून निघालेली आहेत. ‘माझ्या हातून दुसऱ्याचे नुकसान होऊ नये’ ही काळजी त्यात जवळपास नाही. माझे म्हणणे एवढेच, की संगणकाचा जबाबदार वापर म्हणजे मुळात दुसऱ्याच्या गोष्टींशी आपण कसे वागतो त्याचे शिक्षण आहे. दुसऱ्याचा फोटो, दुसऱ्याचे लिखाण, दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याचा ठावठिकाणा या त्या गोष्टी. हे शिक्षण वेगळ्या तासाला यादी पाठ करून मिळत नाही. शाळेच्या रोजच्या व्यवहारात ते मुरावे लागते.

आकडेही याच दिशेने बोट दाखवतात. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारी मुले सुमारे ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना एखाद्या खात्याला रोखता किंवा त्याची तक्रार करता येत होती, आणि जेमतेम ५५ टक्क्यांना आपले खाते खाजगी ठेवता येत होते. म्हणजे ज्या रस्त्यावर ही मुले रोज जातात, त्यावरचे साधे कुंपणही जवळजवळ निम्म्यांना ठाऊक नाही. त्याच पाहणीतला आणखी एक आकडा मला जास्त बोलका वाटतो. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, आणि मुलींपैकी २७ टक्क्यांकडे. बाकीची बहुसंख्य मुले घरातल्या कुणाचा तरी फोन वापरतात. सकाळी तो वडिलांसोबत शेतावर जातो, दुपारी भावाकडे असतो, संध्याकाळी तासभर बहिणीला मिळतो. शहरात बसून लिहिलेली ‘पासवर्ड कुणाला सांगू नका’ ही सूचना अशा घरात लागूच पडत नाही, कारण तिथे पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो. तिथे शिकवायचे ते वेगळेच. बहिणीचे संदेश समोर दिसत असले तरी वाचायचे नसतात. वडिलांच्या खात्यावरून त्यांच्या नावाने काही लिहायचे नसते. फोन परत देण्याआधी आपले खाते बंद करायचे असते. सामायिक वस्तूतही प्रत्येकाचा एक खाजगी कोपरा असतो, ही समज एकट्याच्या लॅपटॉपवर शिकणाऱ्या मुलापेक्षा या मुलांना अधिक गरजेची आहे.

यावर सर्वांत सोपा उपाय बंदीचा आहे, आणि तो करून पाहिला गेला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी करणारा ठराव ग्रामसभेत केला. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. पालकांची धास्ती खरी आहे. तिला मागासपणा म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरेल. लहान मुलांच्या हातात दिवसभर फोन नको, हेही मला मान्य आहे. पण अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दिवशी मुलगा आपोआप विवेकी होतो, असे बंदीत गृहीत धरलेले असते. शिवाय शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, प्रवेश, सगळे फोनवरून होत असताना ही बंदी टिकतेही किती? सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने याच सुमारास दुसरी वाट धरली. तिथे ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. त्यानंतर दीड तास घरातले टीव्ही आणि मोबाईल बंद, आणि मुलांचा अभ्यास. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की नियम एकट्या मुलांसाठी नव्हता. आई मालिका बघत नव्हती आणि वडील व्हॉट्सअ‍ॅप चाळत नव्हते. मोठ्यांनी स्वतः न पाळलेला नियम मुलांसाठी शिक्षा होतो. मोठ्यांसोबत पाळलेला नियम त्यांच्यासाठी सवय होतो.

दुसरा सोपा उपाय कायद्याच्या भीतीचा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० सांगून पोलीस अधिकाऱ्यांचे एक व्याख्यान ठेवले की काम झाले, असे अनेक शाळांना वाटते. कायदा मुलांना माहीत असायलाच हवा. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि संमतीशिवाय कुणाच्या खाजगी अंगांचे चित्र काढणे किंवा पसरवणे हा ६६-ई खाली, हे दहावीतल्या मुलाला ठाऊक असले पाहिजे. पण कायदा आणि नीती या दोन रेषा नेहमी एकमेकींवर पडत नाहीत, आणि याची दोन्ही टोकांची उदाहरणे महाराष्ट्रातलीच आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका तरुणीने बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने त्याला ‘लाइक’ केले, आणि दोघींना अटक झाली. त्यांनी नीतीविरुद्ध काहीही केले नव्हते. त्यांच्यावर लावलेले याच कायद्याचे कलम ६६-अ पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. याउलट १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्याआधी ती अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती. ज्यांनी ती घरी बसून, कदाचित काळजीपोटीच, पुढे ढकलली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या दारात पोलीस आले नसतील. तरी त्या पाच मृत्यूंशी त्यांचा संबंध नाही, असे म्हणता येईल का? नवेगावच्या तलावाखाली शेती करणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. पाटाच्या तोंडाजवळच्या शेतकऱ्याला पाणी आधी मिळते, आणि तो किती घेतो त्यावर शेवटच्या बांधीतले धान ठरते. मजकूर ज्याच्या हातात आधी येतो, त्याची जबाबदारीही तशीच आधीची असते.

मग हे शिकवायचे कसे? इथे नेहमीचा आक्षेप येतो: संगणक बंद पडलेत, नेटवर्क येत नाही, शिक्षकांना आधीच अशैक्षणिक कामे पुरी आहेत, त्यात हा नवा विषय कुठे बसवणार? आक्षेप खरा आहे, म्हणूनच मी नवा विषय मागत नाही. आपल्या प्रत्येक शाळेत परिपाठ होतो आणि त्यात रोज एक मूल बातमी वाचते. त्या बातमीपुढे तीन प्रश्न जोडा: ही कुठून मिळाली, मूळ कुणी दिली, आणि दुसरीकडे कुठे आली आहे का? यासाठी वीजही लागत नाही. आठवड्यातून एकदा गावातल्या गटांवर फिरणारा एखादा संदेश फळ्यावर लिहून त्याचा माग काढता येईल. जंगलालगतच्या भागात वाघ-बिबट्याचे व्हिडिओ सतत फिरतात. त्यातला व्हिडिओ कधीचा, कुठला, मागे दिसणारी झाडे आपल्याकडची आहेत का, हे ओळखण्यात इथली मुले शहरातल्या कुठल्याही तज्ज्ञाला मागे टाकतील. केरळातील कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने ‘सत्यमेव जयते’ नावाचा उपक्रम सुमारे दीडशे सरकारी शाळांत राबवला गेला. खोटी माहिती कशी ओळखावी, हे तिथे मुलांना शिकवले गेले. म्हणजे ही गोष्ट श्रीमंत शाळांची मिरास नाही.

नक्कल करण्याचा प्रश्न भाषेच्या तासाला येतो, तेव्हा त्याचे उत्तरही तिथेच द्यावे. प्रकल्पवहीत इंटरनेटवरून उतरवलेले परिच्छेद असतात, आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून निबंधही आयते मिळतात. ‘नक्कल करू नका’ एवढे म्हणून भागत नाही, कारण मोठ्यांची प्रकल्पवहीकडून अपेक्षा काय असते? भरलेली पाने आणि रंगीत चित्रे. अपेक्षा तशी असेल तर मूल यंत्राकडून पाने भरून घेणारच. त्याऐवजी विकिपीडियावरचे लेखन घेऊन दाखवावे. ते घ्यायला परवानगी आहे, पण श्रेय द्यावे लागते. हा करार मुलांना लगेच कळतो. आणि प्रकल्पाचा विषयच असा द्यावा की उत्तर गावात जाऊन विचारल्याशिवाय मिळणार नाही. नवेगावच्या तलावात आता कुठले मासे मिळतात, पूर्वी कुठले मिळत, हे सांगणारी माणसे कुठल्याही यंत्रापेक्षा जवळ राहतात. त्यांनी जे सांगितले त्याखाली त्यांचे नाव लिहायचे, आणि आधी त्यांना विचारून लिहायचे. संदर्भ देणे आणि संमती घेणे, दोन्ही एकाच वहीत शिकून होते.

मुलींच्या बाबतीत मात्र आपल्याला फार मोठी चूक दुरुस्त करायची आहे. एखाद्या मुलीचा फोटो कुणी विकृत करून फिरवला, तर घरात पहिली कृती कोणती होते? तिचा फोन काढून घेतला जातो, कधी शाळाही सुटते. हे ठाऊक असल्यामुळेच मुली सांगत नाहीत, आणि न सांगण्यावरच धमकावणाऱ्याचा धंदा चालतो. ‘मुलींनी फोटो टाकू नयेत’ हा उपदेश सद्‌हेतूने केला तरी तो गुन्ह्याचा भार पीडितेच्या डोक्यावर ठेवतो. तो धडा मुलांच्या बाकांकडे वळवायला हवा: तुझ्याकडे असा फोटो आला, तर तू काय करशील? पुढे पाठवणारा, नुसता बघून हसणारा आणि गप्प बसणारा यांत फरक काय? १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आणि सायबर तक्रारींचे सरकारी संकेतस्थळ यांची माहिती प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असावी. पण त्याहून आधी हवे ते शिक्षकांचे आणि पालकांचे उघड आश्वासन, की तक्रार करणाऱ्या मुलीचा फोन काढून घेतला जाणार नाही आणि तिची शाळा थांबणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीने असा ठराव केला, तर तो कुठल्याही सुरक्षा-धड्यापेक्षा जास्त काम करील.

‘संस्कार हे घराचे काम’ असेही म्हटले जाते. एरवी ते मान्य करता आले असते. पण ज्या घरात आई-वडिलांनी स्मार्टफोन मुलाकडून शिकला, तिथे तो कसा वापरावा हे घराने कुठून शिकवायचे? म्हणून शाळा लागते. आणि शाळेला हे शिकवायचे असेल, तर तिने आधी आपलाच व्यवहार तपासावा. शालेय पोषण आहार घेताना, बक्षीस घेताना, मदत स्वीकारताना मुलांचे फोटो नाव-गाव-इयत्तेसह समाजमाध्यमांवर टाकले जातात. मुलाला विचारले जात नाही, पालकांनाही क्वचितच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. वह्या-दप्तरांचे वाटप झाल्याचे दाखवायला दप्तरांचा फोटो पुरतो, घेणाऱ्या मुलीचा चेहरा लागत नाही. शाळेने पुढच्या कार्यक्रमाच्या आधी पालकांकडे लेखी संमतीचा साधा कागद पाठवावा, त्यावर ‘नाही’साठीही जागा ठेवावी, आणि ज्या मुलाने ‘नाही’ लिहिले त्याला फोटोच्या वेळी बाजूला काढल्यासारखे वाटणार नाही अशी रचना करावी. गुरुजींनी कॅमेरा उचलण्याआधी वर्गाला विचारलेला प्रश्न मुले लक्षात ठेवतात, आणि मधल्या सुट्टीत एकमेकांनाही विचारू लागतात.