अकरा अश्वशक्तीची मायक्रोव्हॅन शहराला पुरते का?

नवी दिल्ली : शहरातील प्रवासी वाहनाला प्रत्यक्षात किती शक्ती लागते, या प्रश्नाला टाटा मोटर्सच्या ‘मॅजिक आयरिस’ने दिलेले उत्तर होते, सुमारे ११ अश्वशक्ती. दिल्लीतील २०१०च्या वाहन प्रदर्शनात मांडण्यात आलेल्या या मायक्रोव्हॅनला ६११ सीसीचे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. कमाल वेग ताशी ५५ किलोमीटर होता. तीनचाकी रिक्षाला बंदिस्त, चारचाकी पर्याय देणे हा तिचा हेतू होता.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे गर्दीच्या रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या, प्रवाशांसह टनभर वजनाच्या वाहनाला सपाटीवर दोन अश्वशक्तीही पुरते. त्याच वेगाने शंभर मीटरमागे पाच मीटरचा चढ चढताना ही गरज सहा-सात अश्वशक्तीपर्यंत जाते. यापेक्षा मोठे इंजिन म्हणजे जादा वजन, किंमत आणि इंधनखर्च. त्याचा भार अखेर चालकाच्या रोजच्या कमाईवर पडतो.

चौथ्या चाकाचा लाभ सुरक्षिततेत आहे. वळणावर ब्रेक लावल्यास वाहनाचा भार पुढच्या बाहेरील कोपऱ्याकडे सरकतो. तीनचाकीत नेमक्या त्याच जागी चाक नसल्याने ती कलंडण्याचा धोका वाढतो.

मात्र, यंत्र पुरेसे असले तरी परवान्याचा प्रश्न उरतोच. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार कंत्राटी परवान्यावरील वाहन संपूर्ण भाड्याने द्यायचे असते. वाटेत प्रवासी चढवून-उतरवून प्रत्येकाकडून स्वतंत्र भाडे घेणे ही टप्पा वाहतूक ठरते. ‘शेअर’ पद्धतीच्या छोट्या वाहनांचा व्यवसाय या दोहोंच्या सीमेवर चालतो. त्यांना मुभा कोठे आणि किती द्यायची, हे राज्यांच्या परिवहन यंत्रणा ठरवितात. वाळूज येथे निर्मिती होणाऱ्या बजाजच्या २१६ सीसीच्या ‘क्यूट’लाही ‘क्वाड्रिसायकल’ या नव्या वर्गाची नियमावली होईपर्यंत काही वर्षे थांबावे लागले.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ उत्सर्जन निकषांमुळे लहान डिझेल इंजिने महाग पडू लागली. वीजमोटर थांबलेल्या स्थितीपासूनच पूर्ण जोर देत असल्याने कमी शक्तीच्या शहरी वाहनाला ती अधिक साजेशी आहे. आयरिसची विजेवरील आवृत्तीही २०१८च्या वाहन प्रदर्शनात मांडण्यात आली होती. इंजिनाच्या जागी मोटर आली, तरी अशा वाहनाला मार्ग आणि थांबा मिळणार का, हे परवान्यावरच ठरेल.