चामड्यावरचा खिल्लार

आमच्या भिंतीवर एक खिल्लार बैल आहे. येणारा पाहुणा आधी त्याच्या नाकपुडीला बोट लावून बघतो, मग विचारतो, “लाकूड का?” लाकूड नाही, चामडं. तेही म्हशीचं. कुरकुंभच्या एमआयडीसीतली रात्रपाळी उरकून घरी आलं की डोळा लागेपर्यंत तास-दीड तास हाताशी असतो, त्यातला हा नाद. बघणाऱ्याला चित्र कोरून काढल्यासारखं वाटतं, पण यात खरवडून टाकलेलं कणभरही नाही. भोवतालचं चामडं दाबलंय, म्हणून बैल वर दिसतो.

चामडं कुठलं घ्यायचं

इथेच बहुतेकांची पहिली शंभर-दोनशेची नोट वाया जाते. पाकिटं, बूट, पर्स यांचं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. मऊ, टिकाऊ, पण रबरासारखं. ठसा मारला की दबतं आणि लगेच वर येतं. नक्षीला लागतं ते झाडाच्या सालीत कमावलेलं. कोल्हापुरी चपलेचं चामडं पूर्वापार बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलं जातं. त्यांतलं टॅनिन कातडीच्या तंतूंना धरून ठेवतं, आणि असं चामडं ओलं असताना दाबलं तर वाळल्यावरही दबलेलंच राहतं. याच कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. मी चामडं कोल्हापूरहूनच आणतो, तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडीचं.

पारख मला दौंड स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका चांभारकाकांनी शिकवली. कापलेली कड बघायची: आत निळसर-राखाडी दिसली तर क्रोम, सगळीकडे तपकिरी असेल तर सालीतलं. खात्री नसेल तर पाण्याचा थेंब टाकायचा. सालीतलं चामडं तो पितं आणि तिथं गडद होतं.

पाणी

हत्यारं नंतर, आधी पाणी. स्पंजनं दोन्ही अंगांनी भिजवायचं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचं. सकाळी उघडून वाट बघत बसायचं. रंग जवळजवळ मूळचा झाला, पण गालाला लावल्यावर गार लागतंय, तोच क्षण. फार ओलं असेल तर ठसा पसरतो, कोरडं असेल तर उमटतच नाही. पुस्तकात हे एका ओळीत असतं. मला दोन उन्हाळे लागले. एप्रिलात कुरकुंभला पंख्याखाली चामडं बघता बघता वाळतं, म्हणून फवाऱ्याची बाटली हाताशी. पावसाळ्यात उलटं, दोन दिवस गुंडाळलेलं विसरलात तर बुरशी.

सुरी, ठसे, मोगरी

अमेरिकेत घोड्याच्या खोगिरांवरच्या नक्षीतून हे काम वाढलं, आणि प्राणी-माणसं हुबेहूब उठवायची रीत अल स्टोलमन यांनी पुस्तकांतून लोकांपर्यंत नेली. फिरत्या मुठीची सुरी तिकडचीच. ती बोटांत फिरवत रेघ मारायची, जाडीच्या फार तर निम्म्यापर्यंत. बाकी बरंचसं इथलं: फरशीवाल्याकडे उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा, लाकडी मोगरी (लोखंडी हातोडीनं ठशांची डोकी चेपतात), आणि पाठ घासून गुळगुळीत केलेला स्टीलचा चमचा. चामडं ठोकताना पसरू नये म्हणून मागून रुंद चिकटपट्टी लावतो. चित्र ट्रेसिंग पेपरवरून बोथट टोकानं उतरवायचं; कार्बन नको, त्याचा डाग जात नाही.

बैलाचं तोंड

जे पुढे आहे त्याच्या कडेनं आधी ठोकायचं. पुढचं शिंग आधी, मग कपाळ, मग वशिंड. रेघेच्या बाहेरच्या बाजूला उताराचा ठसा मारत गेलं की शिंगाखाली सावली पडते आणि शिंग सुटं दिसतं. नाकपुडी मागच्या अंगानं चमच्यानं फुगवायची आणि पोकळीत चामड्याचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरायचा, नाहीतर बोट लावणारे पाहुणे ती आत घालवतात. गळ्याखालच्या पोळीच्या घड्यांना ठसा नको, चमचाच. केस शेवटी, ज्या दिशेला उगवतात त्याच दिशेला. दिवा एकच, बाजूनं. डोक्यावरच्या ट्यूबखाली सगळं सपाट दिसतं.

काळा डाग

पहिला तुकडा मी लोखंडी घमेल्यात भिजवला होता. सकाळी मधोमध निळसर-काळं कडं. चामड्यातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचाच क्षार) यांपासून शाई करायचे ती याच गुणावर. रोज रसायनांत काम करणाऱ्या माणसाला हे आधी सुचू नये, याची लाज वाटली. लिंबाच्या रसानं डाग फिका झाला, गेला नाही.

तोच डाग पुढे कामाला आला. खिल्लाराच्या डोळ्याला रंग लावलेला नाही. हिराकशीच्या पाण्यात बारीक कुंचला बुडवून बुबुळ भरलं आणि चमकेपुरता मोहरीएवढा ठिपका कोरा सोडला.

वडिलांनी आयुष्यभर बैल राखले. त्यांनी चित्र उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं. “डोळा झालाय,” म्हणाले, “पण आरं, बैल समोर बघतोय तर कान पुढं पाहिजे.” कान मी मागं पाडला होता, आणि त्याच्या पुढची जागा ठोकून सपाट केली होती. तिथून आता काही उठणार नाही. दुसरा तुकडा कापून भिजवलाय, प्लास्टिकच्या टबात.